बांधावरचा तरवड वाळला तेव्हा

सीमाभागातल्या कोहिनूर गावाच्या वरच्या अंगाला, जिथं काळी जमीन संपून तांबडा मुरूम लागतो, तिथं दोन शेतांच्या मधल्या बांधावर एक जुना तरवड आहे. तो मी. उंची म्हणाल तर यंदाच्या पावसाळ्यापर्यंत तुमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाएवढी होती. आता किती आहे ते पुढे सांगतो, घाई करू नका. साल दालचिनीच्या रंगाची, पानं चिंचेच्या पानांसारखी पण जरा थोराड, आणि फुलं? फुलांचं तर विचारूच नका! हळद दळून सुपात उन्हाला ठेवली की कशी दिसते, तसा मी फुललो की दिसतो. आपलं कौतुक आपणच करू नये हे मलाही कळतं. पण मित्रांनो, माझं कौतुक करणारे आता थोडेच उरलेत, म्हणून हे काम माझं मलाच करावं लागतं.

मला कुणी लावलं नाही. चपट्या, कागदासारख्या शेंगेतून मी खाली पडलो, आणि माझं कवच इतकं टणक की दोन पावसाळे नुसताच मुरमात पडून राहिलो. पाणी अंगावरून वाहून जायचं आणि आत मी कोरडा तो कोरडाच. तिसऱ्या वर्षी एका बैलाचा खूर माझ्यावर पडला, कवचाला बारीकसा चरा गेला, त्यातून पाणी आत शिरलं आणि मला जाग आली. अजूनही बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली की मला उगीचच बरं वाटतं. हल्ली ती कमी वाजते.

उगवलो तेव्हा वर दोनच पानं होती आणि खाली मात्र हातभर मूळ. माळावरच्या झाडांची हीच रीत आहे. वरचं नटणं नंतर, आधी खाली पाण्याची सोय. त्या वर्षी ज्ञानोबा बांध घालत होते. त्यांची कुदळ माझ्या डोक्यावर उचललेली होती, आणि ती तशीच थांबली. "ऱ्हाऊ दे," ते स्वतःशीच म्हणाले, "मुरूम धरून ठेवंल." एवढ्याशा शब्दांवर मी चाळीस वर्षं जगलो.

आणि मी मुरूम धरला! किती पावसाळे आले, किती ओघळ त्या बांधावरून धावले, माझ्या मुळांच्या जाळ्यातून मूठभर माती सुटू दिली नाही.

काय दिवस होते ते! सकाळी उजाडलं की माणसं शेताकडे यायची आणि येता येता माझी काडी मोडून दात घासायची. दात घासता घासताच गप्पा व्हायच्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडात, आणि भांडण लागलं तर थोड्या उर्दूतही. उन्हाच्या दिवसांत बाया माझी पानं ओरबाडून डोक्यावर ठेवायच्या आणि वरून पदर घ्यायच्या, डोकं थंड राहायचं. कातडी कमावणारे राघोबा वर्षातून दोनदा सालीसाठी यायचे. फार सभ्य माणूस! एका फांदीची साल काढली की दुसऱ्या फांदीला दोन वर्षं हात लावायचे नाहीत. जाताना माझ्या बुडाशी हात टेकवून तो कपाळाला लावायचे. माझ्या सालीत मुरलेल्या चपला घालून कितीतरी माणसं किती लांब लांब चालत गेली असतील, याचा विचार करत मी दुपारी उभा असायचो.

भुंगे तर माझे खास. माझ्या फुलात मध नसतो, नुसते परागकण असतात, आणि तेही कुपीत बंद. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि अंग असं थरथरवतो की अख्खं फूल गुणगुणायला लागतं. मग कुपीतून पराग भुरभुर पडतात. कुणी गुदगुल्या केल्यावर तुम्हाला कसं होतं? अगदी तसं मला होतं.

मग हळूहळू सगळं बदललं. घरोघरी ब्रश आले. राघोबा एका वर्षी आले नाहीत, नंतर कधीच आले नाहीत. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. डोक्यावर पानांऐवजी टोप्या आल्या. मी कुणाचा राग धरला नाही, पण एकटं मात्र वाटायला लागलं. आमच्या लोकांना माणसांची सवय फार लवकर लागते आणि सुटता सुटत नाही.

एकच घर माझ्याकडे येत राहिलं. ज्ञानोबांचा मुलगा हरिबा, त्याची बायको सुशीलाबाई आणि त्यांची नववीतली मुलगी पल्लवी. कारण होतं नवरात्र. सुशीलाबाईंच्या घरी घट बसतो आणि घटावर रोज एक अशा नऊ दिवसांच्या नऊ माळा चढतात. आमच्या भागात त्या माळा तरवडाच्या फुलांच्या करतात. त्यांच्या घरात तर नियमच होता: नऊच्या नऊ माळा याच बांधावरच्या तरवडाच्या. सुशीलाबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं त्यांना हाताला धरून माझ्यापाशी आणलं होतं. मला तो दिवस आठवतो. हिरवा चुडा, हातभर मेंदी, आणि फूल तोडताना किती घाबरल्या होत्या, जणू मी चावणार होतो!

यंदाही त्या येणार, म्हणून मी तयारीला लागलो होतो. पण यंदा पावसानं दगा दिला.

श्रावण कोरडा गेला. भाद्रपदात आभाळ भरून यायचं आणि वाऱ्यावर निघून जायचं. तुम्हाला वाटत असेल, पाणी नाही मिळालं की झाड बिचारं मुकाट्यानं सुकतं. छे! आत केवढी धावपळ चालते म्हणून सांगू! सगळ्यांत आधी कळतं मुळांच्या टोकांना. माती आखडली की ती वर पानांना निरोप धाडतात, रसातून, थेंबाथेंबानं: "जपून रे बाबांनो, खाली काही उरलेलं नाही." निरोप पोचला की पानं आपली तोंडं मिटतात. प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी हजारो बारीक तोंडं असतात. त्यातून हवा आत येते आणि पाणी वाफ होऊन बाहेर जातं. तोंड मिटलं की पाणी वाचतं. पण हवा आत आली नाही तर अन्न कसं शिजणार? म्हणजे चूलही बंद. तहान भागवायची तर उपाशी राहायचं, आणि पोट भरायचं तर तहानेनं मरायचं! रोज सकाळी थोडा वेळ तोंड उघडायचं, दोन घास कमवायचे आणि ऊन चढायच्या आत मिटून घ्यायचं, असा मी हिशेबानं वागत होतो. दुपारी पानं जोडीजोडीनं अर्धी मिटायचो, म्हणजे उन्हाला पानाची नुसती कडच दिसावी. पेशीपेशीत साखर साठवून पाण्याला धरून ठेवत होतो. खालची म्हातारी पानं एक एक करून गाळत होतो, त्यांच्यातलं चांगलं ते आधी काढून घेऊन. आणि कळ्या? कळ्या गाळायच्या वेळी मात्र माझा जीव व्हायचा नाही. तरी दहातल्या सहा मी सोडून दिल्या.

पाणी वर चढतं ते अखंड दोरीसारखं चढतं. फार ताण आला की ती दोरी मध्येच तुटते, तिथं हवा भरते. त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. मला येतो.

घट बसायच्या चार दिवस आधी पल्लवी आली. हातात वही नाही, पुस्तक नाही, नेलपॉलिशची बाटली! तिनं माझं एक पान उलटं केलं, त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थर दिला आणि तो वाळायची वाट बघत फुंकर घालत बसली. बांधापलीकडचं शेत गुरुबसवांचं. त्यांची बायको चन्नव्वा तिथं तुरीतलं तण काढत होती. ती कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"काय करायलीस गं पल्लू? झाडाला नेलपॉलिश लावायलीस व्हय? लगीन ठरलंय का त्याचं?"

"प्रयोग हाय, अक्का. शाळेत दाखवायचाय."

"आगं मग आमच्या पोरीला लाव की. ती सकाळपासनं रुसून बसलीया."

पल्लवीनं वाळलेला थर चिकटपट्टीवर अलगद उचलून घेतला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला नेला. दुसऱ्या दिवशी धावत आली ती धापा टाकतच. "अक्का, अक्का! तोंडं मिटून बसलाय ह्यो! समदी तोंडं मिटलेली! तहान लागलीया ह्याला!"

"त्याला कशाला सूक्ष्मदर्शक पायजे?" चन्नव्वा म्हणाली. "माझं तोंड बघ की. सकाळपासनं त्ये बी कोरडंच हाय."

दोघी हसल्या. मीही हसलो असतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं, मित्रांनो!

घट बसला. पहिल्या माळेला तीस फुलं दिली. नेहमीपेक्षा लहान होती, पाकळ्या पातळ होत्या, पण दिली. दुसऱ्या माळेला एकवीस. तिसऱ्या दिवशी सकाळी सुशीलाबाई स्वतः आल्या, पल्लवीच्या मागोमाग.

"अकराच गं?"

"अकराच हायेत, आई. कळ्या बी गळायल्यात."

चन्नव्वा बांधापाशी आली. "सुशीलाक्का, जिवाला कामून लावून घ्यायलीस? तालुक्याला, कल्याणच्या बाजारात झेंडूचा ढीग पडलाय. आण की चार माळा."

"झेंडू मिळतोय की," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी फुलं ओच्यात घेतली. "पर सासूबाईनी ह्येच झाड दाखवलं हुतं मला. आजवर खंड न्हाई पडला. यंदा पडला तर समजायचं, माझंच कायतरी चुकलंय."

हे शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. पण ते ऐकताना पल्लवीचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी ती एकटीच आली. ओढणीच्या टोकात काहीतरी बांधून आणलं होतं, आणि कमरेवर कळशी. पुस्तकात तिनं वाचलं होतं, नत्र मिळालं की झाडं हिरवीगार होतात. घरात वडिलांच्या युरियाची अर्धी पिशवी पडलेली होती. मग काय अडचण? तिनं गाठ सोडली, दोन मुठी पांढरे दाणे माझ्या बुडाशी पसरले आणि वरून कळशी ओतली. मग वाकून माझ्या कानात सांगावं तसं म्हणाली, "फुल बरं का. आईसाठी."

तुम्ही कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलेलं पाहिलंय ना? थोड्या वेळानं फोडी आकसतात आणि बरणीत पाणी सुटतं. त्यांच्यातलंच पाणी, मीठ ओढून घेतं. कोरड्या मुरमात, एवढ्याशा पाण्यात विरघळलेल्या त्या युरियानं माझ्या मुळांचं तसंच केलं. मी मातीतून पाणी ओढायचं, तर मातीच माझ्यातून ओढायला लागली! भरल्या पावसात, ओल्या जमिनीत हेच दाणे पिकाला टवटवी देतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण मी तोंड मिटून, चूल विझवून, जेमतेम तग धरून बसलेलो. उपाशी माणसाच्या घशात कुणी पंगतीचं जेवण कोंबावं, तसं झालं. तिचा हात मायेचा होता हे मला मुळापर्यंत कळत होतं, आणि भाजतही मुळापर्यंत होतं.

पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. त्या दिवशीची माळ चार फुलांची. सहाव्या दिवशी दोन, मध्ये नुसती पानं ओवलेली. मग मी एक निर्णय घेतला, आणि तो फार अवघड होता. सगळी पानं सोडायची. राहिलेल्या कळ्या सोडायच्या. जे काही उरलंय ते गोळा करून खोडाच्या बुडाशी आणि खोल मुळाशी नेऊन ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. सातव्या दिवशी सकाळी मी नुसता काड्यांचा झालो होतो.

सुशीलाबाई आल्या. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. खाली पडलेलं एक करपलेलं पान उचलून तळहातावर ठेवलं आणि रिकाम्या ओच्यानं परत गेल्या. पल्लवी त्यांच्या मागून चालत होती, पायाच्या अंगठ्याकडे बघत.

यंदा तीन माळा झेंडूच्या झाल्या. हे मला चन्नव्वाच्या बोलण्यातून कळलं. आणि हेही कळलं की सुशीलाबाईंनी तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढले आणि विचारलं तर "देवीला माझं काय आवडलं न्हाई कुणास ठाऊक," एवढंच म्हणायच्या.

दसरा झाला. आणि मग माझ्यावर खरं संकट आलं.

एके सकाळी गुरुबसव आपल्या तुरीची पाहणी करत बांधापाशी आले आणि मला बघून जागीच थबकले. त्यांनी हरिबाला हाक मारली. "हरिबाण्णा! इकडं ये जरा. ह्याला बघ. आठ दिसात उभ्याचा उभा वाळलाय. मर हाय ही, मर."

मित्रांनो, आमच्या मुलखात तूर म्हणजे घरचा कर्ता मुलगा. आणि मर म्हणजे तुरीचा काळ. हिरवीगार झाडं उभ्या उभ्या वाळतात, आणि रोग मातीतून शेजारच्या झाडाला जातो. ज्यानं एकदा मर लागलेलं शेत पाहिलं, तो वाळलेल्या कुठल्याही झाडात मरच बघतो. गुरुबसवांची तूर माझ्यापासून चार पावलांवर होती. त्यांना तरी मी दोष कसा देऊ?

"उद्या मशीन येणारच हाय माझ्या शेततळ्याला," ते म्हणाले. "मुळासकट काढू अन् इथंच जाळू."

हरिबानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या वडिलांनी राखलेलं झाड. "काढायलाच पायजे का, अप्पा?"

"तुझ्या बी तुरीत शिरंल की रे. मग?"

हरिबानं नाइलाजानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पिवळं मशीन खडखडत बांधापाशी आलं. माझ्या फुलांसारखाच पिवळा रंग, पण तेवढंच सारखं. चालवणारा रत्नपाल कमलनगरकडचा, कानात बाळी, तोंडात बडीशेप. त्यानं दात असलेली बकेट उचलून माझ्यावर आणली. मला ना पळता येत होतं, ना बोलता. आत, खोल मुळाशी, मी जिवंत होतो, चांगला धडधडीत जिवंत! पण ते कुणाला सांगू? जी पानं हलवून सांगायचं, ती मीच गाळलेली.

तेवढ्यात शाळेचा गणवेश घातलेली पल्लवी बांधावरून पळत आली आणि बकेटीच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"ओ दादा, थांबवा! थांबवा आधी!"

"आगं ए पोरी, मरायचंय का?" रत्नपाल ओरडला. "सर बाजूला!"

"पल्लू, शाळा सोडून हितं काय करायलीस?" हरिबा म्हणाला. मागून सुशीलाबाईही पदर खोचत येत होत्या.

पल्लवी खाली बसली आणि माझ्या बुडाजवळची साल तिनं नखानं खरवडली. "हिरवं हाय! अण्णा, बघा की, आत हिरवं हाय!"

गुरुबसव वाकून बघून म्हणाले, "मर लागल्यावर आधी हिरवंच दिसतंय पोरी. म्हणूनच तर माणूस फसतंय. सर, उठ."

"मर न्हाई, काका."

"तुला काय ठाऊक? डॉक्टर हायेस का झाडाची?"

पल्लवी उठली नाही. तिनं एकदा आईकडे बघितलं आणि मग मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "मला ठाऊक हाय, कारण मीच केलंय. तिसऱ्या माळेच्या सांजच्याला मी ह्याला युरिया टाकला. दोन मुठी. अन् कळशीभर पाणी. फुलं यावीत म्हणून. दोन दिसांतच पानं करपायला लागली."

रत्नपालनं बकेट तशीच वर धरून ठेवली, मशीन घरघरत राहिलं.

"दोन मुठी?" हरिबाला आधी तेवढंच सुचलं. "आगं त्यो तरवड हाय का ऊस?"

गुरुबसव मात्र खाली वाकले. त्यांनी विळ्यानं माझी एक वाळलेली फांदी बुडाशी तोडली आणि उभी चिरली. मरीनं गेलेली तूर अशी चिरली की आत काळी रेघ दिसते. ती बघायची त्यांच्या हाताला तीस वर्षांची सवय. त्यांनी चिरलेली फांदी डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवलं, उन्हात धरली. आत पांढरं स्वच्छ लाकूड होतं. रेघ नव्हती.

"अय्यो शिवा," ते म्हणाले. "पोरगी खरं बोलायलीय. मर न्हाई ही."

आता सगळे सुशीलाबाईंकडे बघायला लागले. त्या पुढे आल्या आणि पल्लवीसमोर उभ्या राहिल्या.

"इतके दिस मला वाटायलंय की माझ्याच पूजेत खोट निघाली," त्या म्हणाल्या. "मी उपाशी बसले. अन् तू समदं बघत हुतीस. कामून न्हाई सांगितलंस गं?"

"तू रागावशील वाटलं."

"रागावलेच की मग! अजून रागावलेलीच हाय!" असं म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीत एक धपाटाही घातला. धपाटा जरा जोरात होता. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला.

"मालक, मशीन बंद करू का चालू ठेवू?" रत्नपालनं विचारलं. "काय त्ये एकदा ठरवून सांगा."

"बंद नको करू," गुरुबसव म्हणाले. "बकेट खाली घे अन् माझ्या हौदाकडं चल. खारट माती धुवायला पाणी लई लागंल."

"आधी वरची माती काढू द्या," म्हणत हरिबानं खोरं घेतलं आणि माझ्या भोवतीची वीतभर माती हलक्या हातानं ओढून पाटीत भरली. ती पाटी त्यानं नीट उचलून आपल्या रानात नेऊन पातळ पसरली. "हरभऱ्याला व्हईल. वाया कामून घालवायची?" शेतकरी तो शेतकरीच!

ज्या बकेटीनं मला उपटायचं होतं, त्याच बकेटीनं चार खेपा करून पाणी आलं. गुरुबसवांच्या बोअरचं पाणी, यंदाच्या साली! चन्नव्वा हौदाकडे बघून आणि मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "घरी मी बादली मागितली तर जीव जातो ह्यांचा. तंगडीला बघा कसं वताय लागलेत." कन्नडात मला तंगडी म्हणतात. दरवेळी ते नाव ऐकून हसणारी पल्लवी त्या दिवशी मात्र हसली नाही. ती पाणी मुरताना बघत होती.

पाणी खाली खाली उतरत गेलं आणि जाता जाता ती जळजळ बरोबर घेऊन गेलं. तरी मी घाई केली नाही. आठ दिवस नुसता अंदाज घेतला. मुळांच्या टोकांना नवी पांढरी लव फुटली, तिनं मातीशी ओळख करून घेतली, मग वर निरोप गेला. विसाव्या दिवशी बुडाजवळची साल फोडून एक तांबूस कोंब बाहेर आला. मग दुसरा. वरच्या फांद्या मात्र गेल्या. ज्यांच्यातली पाण्याची दोरी तुटली, त्यांना परत जोडता येत नाही. हरिबानं त्या कोयत्यानं छाटून टाकल्या. म्हणून मित्रांनो, आज माझी उंची तुमच्या गुडघ्याएवढी आहे. चाळीस वर्षांचा मी, आणि पहिलीतल्या मुलाएवढाही नाही! कधी कधी जुन्या उंचीची आठवण येते. तिथून वाऱ्यावर डोलणारी तूर दिसायची, लांबवर बैलगाड्यांची रांग दिसायची, येणाऱ्या माणसाची चाल ओळखू यायची. आता मुंग्यांचे पाय दिसतात. तेही वाईट नाही, पण ते ते नाही.

पल्लवी रोज शाळेतून आली की माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी कळशी घेऊन निघाली तेव्हा तिनं आईला विचारलं होतं, "पाणी घालू का गं त्याला?" सुशीलाबाई चुलीपुढून न उठताच म्हणाल्या, "मला कामून विचारायलीस? त्याला विचार." हे तिनंच मला येऊन सांगितलं, रागानं गाल फुगवून. मग थोडा वेळ माझ्यापुढे बसली, विचार केला, आणि एक बोट मातीत खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत. खाली ओल लागली. तिनं बोट पुसलं आणि भरली कळशी तशीच उचलून परत घेऊन गेली.

विचारणं म्हणजे एवढंच असतं, मित्रांनो. तुमच्या अंगणात, शाळेच्या कुंपणाला, रस्त्याच्या कडेला आमच्यातलं कुणी पानं गाळून उभं दिसलं, तर आधी एक बोट मातीत घालून बघा. बुडाशी नखानं हलकेच खरवडून बघा. कोरडं असेल तर थोडं पाणी द्या, आणि तुमच्या हातून काही चुकलं असेल तर कुणाला तरी सांगून टाका. बाकीचं आमच्यावर सोडा. आम्हाला वाळता येतं आणि परत येताही येतं. फक्त मधल्या दिवसांत आम्हाला कुणी उपटू नका.